गावात वाचनालय काढायचंय, सुरुवात कुठून करू?

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातून आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"ताई, मी २४ वर्षांचा आहे. साडेतीन हजार वस्तीचं आमचं गाव. दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता परत येऊन शेती बघतोय. आजोबा शिक्षक होते, मागच्या वर्षी वारले. त्यांची चारशेच्या आसपास पुस्तकं माळ्यावर दोन ट्रंकांत पडून आहेत. आम्ही सातजण मित्र मिळून गावात वाचनालय काढायचं म्हणतोय, पण जो भेटतो तो वेगळंच सांगतो. कोण म्हणतं आधी संस्था रजिस्टर करा, त्याशिवाय अनुदान नाही. गावातले एक पुढारी खोली आणि ५० हजार रुपये द्यायला तयार आहेत, पण वाचनालयाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं अशी अट आहे. म्हातारी माणसं म्हणतात, आता सगळं मोबाईलवर आहे, येणार कोण? सुरुवात कुठून करू? आणि आजोबांच्या पुस्तकांवर पहिल्या पानावर त्यांची सही आणि तारीख आहे, वाचनालयात देताना ती खोडायची असते का?"

तू माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करते, रागावू नकोस. पत्र वाचून खरंच बरं वाटलं. गेली २२ वर्षं मी एका लहान गावातल्या वाचनालयाची चिटणीस आहे, देवघेवीच्या टेबलावरही बसलेय, त्यामुळे तुझा एकेक प्रश्न मला ओळखीचा वाटला.

सगळ्यात आधी नोंदणीचं. आधी नोंदणी करू नकोस, आधी वाचनालय सुरू कर. उलटं वाटेल तुला, पण मी पाहिलेली जी वाचनालयं बंद पडली त्यातली बरीचशी अशी होती की कागद सगळे तयार, बोर्ड रंगवलेला, उद्घाटनाला हार-तुरे, आणि महिन्याभरात कुलूप. ज्या दिवशी तुमच्या सातजणांपैकी कुणाच्याही घरचा नसलेला माणूस एक पुस्तक घरी नेतो, तुमच्या वहीत त्याचं नाव लागतं आणि आठवड्याने तो ते परत आणतो ना, त्या दिवशी वाचनालय सुरू झालं असं समज.

त्याला लागतं किती? एक कपाट, एक टेबल, दोन बाकं, एक ट्यूब आणि दोन वह्या. जागा कुठलीही चालेल, दूध डेअरीची संध्याकाळी रिकामी असणारी खोली, समाजमंदिर, शाळेचा जुना वर्ग. वेळ मात्र ठरव आणि मोडू नकोस. संध्याकाळी ६ ते ८ म्हणजे ६ ते ८, रोज, सुट्टीचा वार एकच आणि तो दारावर लिहिलेला. तुम्ही सातजण आहात, उघडं ठेवायचे सहा वार आपसांत वाटून घ्या, आणि ज्याला जमणार नाही त्याने आदल्या दिवशी दुसऱ्याला सांगायचं, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही. आमच्याकडे पहिल्याच वर्षी लग्नसराईत सलग चार दिवस दार उघडलं गेलं नाही. चार दिवस म्हणजे काय मोठं, असं आम्हाला वाटलं होतं, पण रोज येणारी आठ-दहा पोरं त्यानंतर दोन महिने फिरकली नाहीत. मी एकीला रस्त्यात विचारलं तर म्हणाली, "बंदच असतं की ते." चार शब्दांत निकाल लागला होता आमचा. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, पुस्तकं दोनशे असली तरी चालतील, दार वेळेवर उघडलंच पाहिजे.

आता पैशाचं आणि नावाचं, कारण हे दोन एकच प्रश्न आहेत.

५० हजार आणि खोली, मोठी रक्कम आहे, मोह होणारच. त्या गृहस्थांच्या भावनेलाही मी नावं ठेवणार नाही, वडिलांचं नाव राहावं असं कुणालाही वाटतं. पण माझा सल्ला असा की वाचनालयाला गावाचं नाव दे. आमच्याकडे सुरुवातीला एका पुढाऱ्यांनी तीन लोखंडी कपाटं दिली होती, लेखी काही नव्हतं, सगळं तोंडी. पुढे निवडणुकीत आमच्या दोन कार्यकर्त्यांनी दुसऱ्या गटाचा प्रचार केला आणि एका सकाळी टेम्पो येऊन कपाटं घेऊन गेला, पुस्तकं फरशीवर. त्यापेक्षा वाईट म्हणजे तोपर्यंत अर्धं गाव ते "त्यांचं" वाचनालय समजायचं आणि पायरी चढायचं नाही, हे आम्हाला कपाटं गेल्यावर कळलं. तेव्हा त्यांच्याकडे तू एकटा जाऊ नकोस, दोन वयस्कर माणसं बरोबर घे, आणि सांग की तुमच्या वडिलांच्या नावाने बालविभाग करू, किंवा संदर्भ विभाग करू, तिथे पाटी लावू, पुस्तकांवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असा शिक्का मारू. बरेच लोक याला तयार होतात. नाहीच झाले तर नमस्कार करून परत या, भांडण करू नका.

मग पैसे कुठून? गावातून. प्रत्येक घरातून. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी, ते मूळचे आपल्या नाशिककडच्या कवळाण्याचे, १९१० साली मोफत सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभारायला घेतली, त्यासाठी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणले. पण खेड्यातल्या वाचनालयांसाठी महाराजांनी नुसतंच वरून दिलं नाही. गावाने आधी स्वतःचा वाटा जमवायचा, मग तेवढीच रक्कम स्थानिक पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. राजा होता, तिजोरी त्याची होती, सगळं फुकट देता आलं असतं की. पण ज्या गावाने स्वतःच्या खिशातून काही घातलंय ते गाव वाचनालय बंद पडू देत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि म्हणूनच मला वाटतं बडोद्याचं ते काम संस्थान गेल्यावरही लोक आठवतात.

तुझ्या गावात ५०० ते ७०० उंबरे असतील. वही घेऊन घरोघर जा. एका घरातून एक पुस्तक आणि ५० रुपये, यापेक्षा जास्त मागू नकोस. जास्त कुणी दिलं तर घे, पण मागू नकोस. प्रत्येकाला पावती दे, पाच रुपयांचीही दे. अर्ध्या घरांनी दिलं तरी १५ हजारांच्या आसपास जातं आणि त्यात कपाट, वह्या, सहा महिन्यांचे पेपर सहज बसतात. याच फेरीत प्रत्येक घरात विचार, तुमच्यात वाचतं कोण आणि काय वाचायला आवडेल, आणि उत्तर त्यांच्यासमोर लिहून घे. आमच्या फेरीत एका आजींनी सांगितलं होतं की मला अक्षर मोठं पाहिजे, बाकी काहीही द्या. एका ट्रॅक्टरवाल्याने डिझेल इंजिन दुरुस्तीचं पुस्तक मागितलं होतं. एका सुनेने सासूसमोर काहीच सांगितलं नाही आणि मग दाराशी येऊन हळूच म्हणाली, रहस्यकथा आहेत का. ही यादी म्हणजे तुझी पहिली खरेदी. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या पुस्तकांच्या याद्या बघून खरेदी करू नकोस, निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

पुस्तकं स्वस्तात कुठे मिळतात तेही सांगून ठेवते. नॅशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची मराठी पुस्तकं फार कमी किमतीत मिळतात आणि चित्रं सुंदर असतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, शिवाय त्यातली कितीतरी त्यांच्या वेबसाइटवर फुकट उतरवून घेता येतात. दुकानातून घेशील तर वाचनालयासाठी म्हणून सवलत माग, मिळते. आणि दान आलेली पुस्तकं घेताना घरच्यांना आधीच सांग की जी चालतील ती ठेवू, बाकीची पुढे देऊ किंवा रद्दीत जातील. हे आधी नाही सांगितलं तर तुझ्याकडे दहावीची जुनी गाईडं, फाटके कॅटलॉग आणि कंपन्यांच्या डायऱ्या यांचा ढीग लागेल आणि टाकायला गेलास की रुसवे. आमच्याकडे एक अख्खं कपाट तीन वर्षं असंच अडलं होतं.

जागेबद्दल अजून एक, आणि हे मला पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं. जागा ठरवताना तुम्ही सातजण एकदा गावातून पायी फिरा, आणि प्रत्येक वस्तीतून त्या खोलीपर्यंत चालत या. बौद्धवाड्यातल्या पोराला, मातंग वस्तीतल्या पोरीला, पालावरच्या मुलाला तिथे यायला कुठे पाय अडखळेल का बघा. देवळाच्या आवारात, कुणाच्या वाड्यात, एका भावकीच्या चौकात जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका. येऊ नका असं तिथे कुणी म्हणणार नाही, पण येणारही नाही. शाळेजवळ, एसटी थांब्याजवळ, ग्रामपंचायतीशेजारी अशी जागा बरी. कमिटीतही सातही मित्र एकाच आळीतले असतील तर आत्ताच दोन-तीन नावं बदला, दोन बायका घ्या, आणि गावात दोन गट असतील, असतातच, तर दोन्हीकडचा एकेक माणूस घ्या.

ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीच्या कामांच्या यादीत वाचनालय आहे, त्यामुळे खोली मागताना तुम्ही उपकार मागत नाही आहात. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करून घ्या, ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी फाइलला लावा. सरपंच बदलला की तोंडी शब्द संपतो, ठराव राहतो.

आता वह्या. इथे जरा थांबते, कारण इथे सगळे घाई करतात आणि मग दहा वर्षांनी रडतात. पहिली वही दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, १ पासून, आणि तो क्रमांक परत कधीही दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, पहिलं हरवलं तरी नाही. तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, विकत की भेट, भेट असेल तर कुणाची, एवढे रकाने. मग पुस्तक उघडायचं, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, आणि मध्ये एक ठरलेलं पान असतं, आमचं २१ आहे, प्रत्येक पुस्तकात त्या पानावर खाली बारीक शिक्का आणि दाखल क्रमांक. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणून ठेवलं तर २१ वं पान बोलतं. बाजारात जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मला आमची दोन पुस्तकं अशीच सापडली होती, उघडून २१ वं पान बघितलं आणि गाडीवाल्याने काही न बोलता परत दिली. तुझं पान तू ठरव आणि कमिटीबाहेर सांगू नकोस.

दुसरी वही देवघेवीची. एका सभासदाला एक पान. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर पुढे कर, आधी वहीवर हात बसू दे, कारण संध्याकाळी ६ ला लाईट जाते तेव्हा वही चालते. अनामत १०० रुपये आणि महिना २० रुपये असं काहीतरी ठेव, मुलांना महिना ५ रुपये. अनामत म्हणजे लोकांचा पैसा, सभासद सोडून गेला की परत द्यायचा असतो, तो खर्चात कधीच धरू नकोस, त्याचं खातं वेगळं. आमच्या जवळच्या एका गावात हा पैसा पत्र्याच्या शेडला वापरला गेला, मग २० सभासदांनी एकदम परत मागितला आणि तिथेच सगळं मोडलं. उशिरा आणणाऱ्याला दंड लावायचा की नाही हा प्रत्येक कमिटीत भांडणाचा विषय असतो, मी म्हणेन लावू नका. दंडाच्या भीतीने माणूस पुस्तक आणायचंच सोडतो, आणि लहान मूल तर चार रुपयांसाठी घरी मार खातं. घरी जाऊन प्रेमाने मागा, बहुतेक वेळा मिळतं.

हे सगळं सहा महिने, वर्षभर चाललं की मग नोंदणीला जा. तेव्हा तुझ्याकडे सभासदांची यादी असेल, जमाखर्च असेल, आणि सातपैकी कोण टिकलं तेही कळलेलं असेल, हे मी मुद्दाम सांगते कारण नोंदणीत ज्यांची नावं लागतात ती काढायला पुढे फार उपद्व्याप होतो. संस्था नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते, किमान सात माणसं लागतात, आणि १९५० चा विश्वस्त व्यवस्थेचा कायदा, आधी त्याला मुंबई म्हणायचे आता महाराष्ट्र म्हणतात, त्याखालीही नोंद होते. दोन्हीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. घटना म्हणजे नियमावली लागते, ती दुसऱ्या संस्थेची जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. निवडणूक किती वर्षांनी, सभासद कोण होऊ शकतो, संस्था बंद झाली तर पुस्तकं कुणाकडे जाणार, हे तीन मुद्दे स्वतः बसून लिहा. शेवटचा मुद्दा सगळे टाळतात, तो आधी लिहा. नंतर दरवर्षी ऑडिट, आणि कमिटी बदलली की बदल अर्ज. एकदा राहिला की पाच-पाच वर्षं राहतो आणि मग बँकेत सह्या बदलता येत नाहीत. बँक खातं संस्थेच्या नावाने, दोन सह्यांनी, आणि त्या दोन सह्या एका घरातल्या नकोत.

अनुदानाचं आता स्पष्टच बोलते. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे, ग्रंथालय संचालनालय आहे, आणि मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. राज्यात अशी साधारण ११-१२ हजार वाचनालयं आहेत, हे लहान काम नाही. केरळात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात, आपल्या कायद्यात तसा कर नाही, त्यामुळे सगळं दरवर्षीच्या तरतुदीवर अवलंबून. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली, बरीच वाचनालयं नुसती कागदावर निघाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नवीन मान्यता आणि वर्ग बदल दोन्ही थांबून राहिलं. जी प्रामाणिकपणे चालली होती त्यांनाही त्याचा फटका बसला, हे मला अजून लागतं. तू नोंदणीच्या वेळी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जा, आज काय नियम आहेत ते तिथे विचार, लेखी घे. मिळालं तर आनंदच आहे, पण हिशोब करताना अनुदान शून्य धरून कर. मिळालं तरी ते हप्त्यांनी येतं, उशिरा येतं, आणि त्यातूनच पुस्तकं, पेपर, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन भागवायचं असतं. खेड्यातले कितीतरी ग्रंथपाल शेतमजुरीपेक्षा कमी पैशात वर्षानुवर्षं बसतात. तू कुणाला बसवशील तर त्याला निदान तेवढं तरी मिळेल याची तजवीज आधी कर. मान्यता मिळाल्यावर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून पुस्तकंही मिळू शकतात, ते प्रतिष्ठान १९७२ पासून याच कामासाठी आहे.

म्हातारी माणसं म्हणतात येणार कोण. त्यांचं चुकत नाही, कादंबरी वाचणारे सुरुवातीला १५-२० च निघतील. पण त्याच म्हाताऱ्यांना आधी बोलाव. तीन पेपर लाव, एक जिल्ह्याचा, एक मोठा, एक शेतीचा. सकाळी तासभर दार उघडायची जबाबदारीही त्यांच्यातल्याच एखाद्या निवृत्त माणसाला दे, मग बघ, पावसातसुद्धा उघडेल. दुसरे येतील ते भरतीवाले, पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी. त्यांना घरात बसायला जागा नसते, त्यांची गरज खरी आहे, त्यांना टेबल-खुर्ची आणि रात्री १० पर्यंत दिवा मिळाला पाहिजे. पण अभ्यासिका वाचनालय खाऊन टाकते हेही मी पाहिलंय. सगळी बाकं त्यांची, शांतता पाहिजे म्हणून लहान मुलांना दारातून हाकलतात, आणि दोन वर्षांत देवघेव बंद. वेळ वेगळी ठेव, ६ ते ८ आवाज चालेल, ८ नंतर अभ्यास.

मुलं येतीलच, फक्त त्यांना पुस्तकाला हात लावू दे. काचेच्या कपाटाला कुलूप आणि बाहेरून नावं वाचा, असं करू नकोस. फाटतील, फाटू देत, खळ आणि पुठ्ठा आणून रविवारी त्यांच्याकडूनच चिकटवून घे.

बायकांचं मात्र वेगळं आहे. संध्याकाळी ६ ला बाई चुलीपाशी असते, ती तुझ्या वाचनालयात येणार नाही, आणि "बायका वाचत नाहीत" असं तुम्ही वर्षभराने म्हणाल. तुम्ही जा. १९३१ साली तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीवर पुस्तकं घालून गावोगाव फिरवायला सुरुवात झाली होती, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रेरणेने. तुला तर बैलगाडीही नको. बचत गटाची बैठक ज्या घरी असते तिथे महिन्यातून दोनदा एक पिशवी न्यायची, ३० पुस्तकं, आणि तिथेच नोंद. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी चार पुस्तकं गेली, त्यातलं एक परत आलं ते हळदीच्या बोटांचे ठसे घेऊन, ती बाई ओशाळली होती, मी म्हटलं राहू देत. आज आमच्या सभासदांत निम्म्याहून जास्त बायका आहेत.

मोबाईलशी भांडू नकोस. वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप कर, नवीन आलेल्या पुस्तकांचे फोटो टाक, लोक तिथूनच मागतील.

आणि दिवाळी अंक. हे मी राखून ठेवलं होतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही सवय आहे, ती तुझी पहिली कमाई. २५ अंक घे, सरासरी ३०० धरले तर साडेसात हजार झाले. दिवाळी ते शिवरात्र अशी योजना लाव, माणशी २०० रुपये, एका वेळी एक अंक. ५० माणसं झाली की १० हजार. पैसे तर राहतातच, पण महत्त्वाचं म्हणजे अंक बदलायला माणूस आठवड्याला येतो, कपाटासमोर उभा राहतो, आणि योजना संपते तोपर्यंत त्यातले निम्मे कायमचे सभासद झालेले असतात. तू आत्ता सुरू केलंस तर येत्या दिवाळीला जमवच.

तुझं वय लहान आहे म्हणून तुला कुणी हसत असेल तर एवढं लक्षात ठेव, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे यांनी मित्रांना घेऊन काढलं तेव्हा ते २१ वर्षांचे होते. मुंबईचं त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ ला. दोन्ही आजही चालू आहेत.

आता आजोबांच्या ट्रंका. एका दिवसात सगळ्या रिकाम्या करू नकोस. कोरड्या दिवशी अंगणात सतरंजी टाकून सावलीत, थेट उन्हात नाही, पुस्तकं उभी करून पानं सुटी होऊ देत. कसर लागली असेल तर पानांत बारीक वाकडी भोकं आणि रुपेरी किडा दिसेल, ती पुस्तकं बाजूला काढ, मऊ ब्रशने झटक, आणि महिनाभर वेगळ्या खोक्यात ठेव, चांगल्यांत मिसळू नकोस. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेव, भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे, वाळवी भिंतीतून येते. ४०० पैकी १०० पोथ्या नाहीतर जुनी पाठ्यपुस्तकं निघतील, ती घरीच राहू देत. बाकीची वाचनालयाला देताना घरच्या सगळ्यांची, आत्या-काकांसकट, सही घेऊन एक साधं दानपत्र कर, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल आमच्या वडिलांची पुस्तकं याने वाटून टाकली.

सही खोडायची नाही. शिक्का सहीच्या खाली मार, तिच्यावर नको. दाखल नोंदवहीत क्रमांक १ आजोबांच्याच एखाद्या पुस्तकाला दे, भेटीच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिही, आणि त्यापुढे 'शिक्षक' लिही.